पेटीवरची टेप

भूकंपात जबलपूरच्या गढा वस्तीतल्या घराला तडे गेले होते. वर्षभर बेबीताईंनी त्या भेगा आणि गळणारे पोपडे सोसले, आणि मग दसऱ्यानंतर नेपियर टाउनमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन घर सोडलं. सामान हलवायला त्यांचा धाकटा भाऊ अच्युत आणि भावजय विनता मदनमहलहून आले होते. पलंग, कपाट, देवांची फळी, सगळं हातगाडीवर चढलं. शेवटी पलंगाच्या जागेवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं तेवढं उरलं.

"ते तू घेऊन जा, विनता," बेबीताई म्हणाल्या. "तिकडे जागा नाही."

विनताने चादर बाजूला केली. आत श्रीरंगरावांची पेटी होती.

श्रीरंगराव म्हणजे बेबीताईंचे यजमान. विनता स्वतः घरी गाण्याचे क्लास घ्यायची, त्यामुळे जबलपुरातल्या मराठी घरांत कुठे कुठली पेटी आहे हे तिला तोंडपाठ होतं, आणि ही तर सगळ्यांनाच ठाऊक होती. सागवानी अंग, जर्मन सूर, आणि चपड्याचं, म्हणजे लाखेचं, गडद तांबूस पॉलिश, जुन्या माणसाने हाताने चढवलेलं. श्रीरंगरावांना दमा होता. चार ओळी बोलल्या की धाप लागायची. पण ते साथीला बसले की गाणाऱ्याला वाटायचं, आपल्याला कुणीतरी मागून हलकेच उचलून धरलं आहे. ते गेले तेव्हापासून पेटी कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

आता दिसली ती टेपने जखडलेली. सामानाच्या खोक्यांना लावतात ती तपकिरी टेप, मागच्या भात्यावरून पुढे, खालून वर, पुन्हा आडवी, वेढ्यावर वेढे.

"ताई, हे काहून?" विनताने विचारलं.

"भात्याचा खटका तुटला. उघडा पडायचा सारखा." बेबीताई देवांची फळी होती तिथल्या भिंतीवरची हळद पुसत होत्या. मग न वळताच म्हणाल्या, "काढलीस तर पॉलिश निघून येईल बघ. त्यापेक्षा राहू दे तशीच, शोभेला."

घरी आल्यावर विनताने पेटी क्लासच्या खोलीत चटईवर ठेवली आणि नीट पाहिली. टेपच्या फटीतून भात्याचा खटका दिसत होता. तो धड होता.

*

टेप काढायची घाई करून चालणार नव्हतं हे विनताला कळत होतं. ओढली असती तर चपड्याचा पापुद्रा सोबत आला असता. मुलगी भोपाळला हॉस्टेलवर गेली होती, तिचा केस वाळवायचा ड्रायर कपाटात होता. तो अगदी मंद ठेवून विनता टेपचं एक टोक कोमट करायची, गोंद मऊ झाला की ते टोक वर न उचलता लाकडाला लागूनच मागे दुमडत न्यायची. बोटभर निघाली की थांबायची. मागे राहिलेल्या चिकट थरावर खोबरेल तेलात भिजवलेलं मलमलचं फडकं ठेवायचं, गोंद फुगू द्यायचा, आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीच्या कडेने लाकडाच्या रेषेरेषेने तो सारायचा. हे सगळं तिने आधी पेटीच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी करून पाहिलं होतं. पॉलिशला काही झालं नाही, तेव्हाच ती वरच्या बाजूला वळली.

तपकिरी टेपखाली दुसरी टेप निघाली. पारदर्शक, पिवळी पडून कुरकुरीत झालेली. आणि तिच्याखाली जखमेवर लावतात ती पांढरी कापडी पट्टी.

तिथे विनताचा हात थांबला. भाता जिथे उघडतो तिथली पट्टी फाटलेली होती. कापलेली नव्हे. मधोमध ताणून, एकेक धागा लांबून तुटलेला. वरची पिवळी टेपही नेमकी तिथेच ताणून तडकली होती. म्हणजे आधीची तुटली म्हणून पुढची लावली होती, आणि तीही तुटली म्हणून तिसरी. बाहेरून कुणी ओढलं असतं तर पट्टीचं टोक सुटलं असतं. हे आतून झालं होतं.

"ओलीने चामडं फुगलं असेल," अच्युत म्हणाला. त्याचा असल्या गोष्टींवर विचार करण्याचा स्वभाव नव्हता. "आणि इतकं काय हळू हळू करून राहिली तू? स्पिरिट लाव, साफ होऊन जाईल."

"स्पिरिटला हात लावू नका हो. चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात. गोंदाआधी पॉलिशच जाईल."

"अच्छा, अच्छा."

पण दुसऱ्या दिवशी विनता भाजीला गेली आणि अच्युतने आपल्या परीने मदत केली. स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट कापसावर घेतलं आणि भात्याच्या वरच्या फळीवरचा गोंद पुसला. गोंद गेला. त्याबरोबर फळीवरचं पॉलिशही मऊ होऊन गुळाच्या पाकासारखं चिकचिकलं. विनता परतली तेव्हा तो ओशाळून उभा होता.

ती रागावली, पण उपाय एकच होता. "आता कुणी बोट लावायचं नाही. आपोआप कडक होईल, मग बघू." तिने खोलीला बाहेरून कडी लावली. तेव्हा पेटीवर टेपचा एकही तुकडा उरला नव्हता.

सकाळी पॉलिश वाळलं होतं. त्यात बोटं उमटली होती.

भाता हलवताना डावा हात जिथे असतो, तिथेच. चार बोटांचे चार खळगे, स्वच्छ, कातडीच्या रेघांसकट. विनताने अच्युतला हाक मारली.

"तूच लावला असशील हात, विसरली," तो म्हणाला.

विनताने आपली बोटं त्या खळग्यांवर धरली. खळगे मोठे होते. अच्युतने आपला हात धरला. मधलं बोट बसलं, अनामिका आणि करंगळीही बसली. तर्जनी मात्र खळग्याच्या पुढे गेली. तो खळगा आखूड होता. पहिल्या पेराशीच संपत होता.

अच्युतने हात मागे घेतला. लहानपणी दाराच्या फटीत सापडून श्रीरंगरावांच्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं होतं. ताईच्या लग्नात हातावर हात ठेवताना पाहुण्यांनी ते पाहून कुजबुज केली होती, आणि अच्युत तेव्हा शाळेत असला तरी त्याला ते लख्ख आठवत होतं.

"ताईला काही सांगू नको," एवढंच तो म्हणाला.

*

दिवेलागणीला पोरी क्लासहून गेल्या, की विनता खोली आवरायची. त्या संध्याकाळी चटई गुंडाळताना तिला मागून हवेचा आवाज आला. हूं... आणि मग लांब, खरखरीत, हश्श... पेटीचा भाता हळूच उघडला होता आणि मिटत होता. वाजवायच्या पट्ट्या सगळ्या वरच होत्या, त्यामुळे सूर नव्हता. नुसती हवा. मिटला, जरा थांबला, आणि पुन्हा उघडला.

विनता भिंतीला टेकून उभी राहिली. पळावं असं तिला आधी वाटलं. आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. तो आवाज ओळखीचा होता. गणपतीच्या मांडवात किती वेळा तो तिच्या पाठीशी होता.

ती खाली बसली. तंबोरा न घेताच तिने सा लावला.

पन्नाशीनंतर तिचा दम कमी झाला होता. लांब तान घेतली की मध्येच तुटायची, आणि पोरींसमोर ती ते खोकून झाकायची. त्या संध्याकाळी सा संपलाच नाही. भाता मिटत होता तसा तिचा सूर सरकत होता, सरळ, न थरथरता. भाता उघडला तेव्हाच तिने श्वास घेतला, आणि तोही किती खोल. ती गात राहिली. केव्हातरी अच्युतने दिवा लावला तेव्हा तिला वाटलं, आत्ताच तर बसले होते. स्वयंपाकघरात वरण करपून भांड्याला लागलं होतं.

तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरींना लवकर सोडलं. त्याच्या पुढच्या दिवशी घेतलंच नाही, दार लावून आत बसली, पोरी बाहेरून "दीदी, दीदी" म्हणून हाका मारून परत गेल्या. तिला ऐकू आलं नाही असं नाही. पण उत्तर द्यायला श्वास लागतो, आणि तो श्वास तेव्हा तिच्या हातात नव्हता.

दिवसा मात्र तिला धाप लागायला लागली. जिना चढताना मध्येच बसावं लागे. छातीतून बारीक शिट्टी यायची. अच्युत म्हणाला, डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, थंडी पडून राहिली आहे, होतं असं.

मग एका संध्याकाळी तो ऑफिसातून लवकर आला. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत विनता गात नव्हती. पेटीसमोर ताठ बसली होती, डोळे मिटून, आणि तिच्या समोर भाता उघडत होता, मिटत होता. अच्युतने त्या भात्याकडे पाहिलं, आणि मग बायकोच्या पाठीकडे. भाता उघडला की तिचे खांदे वर जात. मिटला की खाली येत. दोघांत केसाचंही अंतर नव्हतं.

तेवढ्यात भाता मिटला आणि उघडला नाही.

अच्युत वाट बघत राहिला. विनताचे खांदे हलले नाहीत. तिच्या ओठांचा रंग उतरायला लागला, तरी चेहरा शांत होता, जणू तिला श्वासाची गरजच नव्हती, कुणीतरी सांगेल तेव्हा घ्यायचा होता. तो धावला, तिला गदागदा हलवलं, "विनता! अगं, श्वास घे!" म्हणून ओरडला. तिचं अंग लाकडासारखं जड लागलं. शेवटी त्याने भाताच पकडला आणि जोराने ओढून उघडला.

विनताने मोठ्याने श्वास आत घेतला आणि त्याच्या अंगावर कोसळली.

*

अच्युतने कळवलं आणि बेबीताई त्याच रात्री मुक्कामालाच आल्या. पेटीच्या खोलीला कुलूप होतं, विनता पलंगावर उशांना टेकून बसली होती. बेबीताईंनी तिच्या छातीला कान लावला. आतली शिट्टी ऐकली आणि डोळे मिटून घेतले.

"सांगायला पाहिजे होतं मी," त्या म्हणाल्या. "पण काय सांगणार? माझा नवरा पेटीत श्वास घेतो? तुम्ही मला वेड्यात काढलं असतं. आणि इतकी वर्षं झाली होती. मला वाटलं, थांबले असतील."

"केव्हापासून होतं हे, ताई?" अच्युतने विचारलं.

"ते गेले त्याच आठवड्यात. संध्याकाळी दिवा लावला आणि भाता उघडला." त्या जरा हसल्या. "खोटं काहून बोलू, मला आनंदच झाला. रोज जाऊन बसायची. त्यांना शेवटी शेवटी किती त्रास झाला तू पाहिलंस, अच्युत. एकट्याला पुरतच नव्हता श्वास. मला वाटलं, थोडा माझा घेतला तर काय बिघडतं? बायको कशाला असते?"

"आणि मग?"

"मग दिवेलागणीला मला कुठे जाता येईना. देवळात नाही, लग्नाला नाही. प्रतिमाच्या पहिल्या बाळंतपणाला नागपूरला जायचं, तर मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. पोरगी तिकडे रडली, आणि मी इकडे पेटीसमोर बसलेली." त्यांचा आवाज खाली गेला. "त्या रात्री मी पट्टी लावली. जखमेवरची, घरात तीच होती. ती तुटली. म्हणून दुसरी लावली. लावताना रोज वाटायचं, आपण नवऱ्याच्या तोंडावर हात दाबून राहिलो आहोत."

बाहेरून मदनमहल स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा आवाज आला आणि गेला.

"ताई," विनता हळूच म्हणाली, "त्यांनी माझ्याकडून ओढून नाही घेतला. मीच दिला. मला गाता येत होतं ना."

"माहीत आहे," बेबीताई म्हणाल्या. "त्यांचा स्वभाव तसा नव्हताच. दुसऱ्याला किती लागतो ते त्यांना कळतच नसेल आता."

सकाळी उन्हात त्यांनी पेटी अंगणात आणली. दिवसा ती कधीच हलत नसे. बेबीताईंनी ठरवलं होतं आणि अच्युतला पेचकस आणायला सांगितला होता. सूर काढायचे नाहीत, अंगाला धक्का लावायचा नाही, पेटी विनताची आहे. फक्त भाता सोडवायचा. मागचे स्क्रू गंजले होते, पण एकेक करून निघाले. चामड्याची घडी अलगद सुटून आली. तिच्या वरच्या फळीवर ती चार बोटं तशीच होती. बेबीताईंनी त्यांवर आपली बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली. मग भाता पदरात गुंडाळला.

दुपार कलल्यावर ते निघाले, आणि नर्मदेच्या ग्वारीघाटला पोहोचेपर्यंत उन्हं उतरली होती. विनताला घरीच थांब म्हटलं तरी ती आली. त्यांनी नाव केली आणि मधल्या धारेत गेले. श्रीरंगरावांच्या अस्थी इथेच सोडल्या होत्या, त्या वेळी अच्युत नावेत होता, बेबीताई काठावर होत्या.

बेबीताईंनी पदर सोडला. "अहो," त्या म्हणाल्या, घरात बोलावं तशा आवाजात. "पुरे आता. ही अच्युतची बायको आहे. हिला सोडा. मलाही सोडा." आणि भाता पाण्यावर ठेवला.

तो बुडला नाही. चामडं फुगून तो पाण्यावर आडवा झाला, आणि लाट आली तसा उघडला, मिटला. नाव मागे सरकली, तो तिच्याबरोबर आला. नाववाल्याने वल्हं थांबवलं.

"अम्मा, इसमें हवा भरी है. ये नहीं डूबेगा."

"डूबेगा, भैया. जरा रुक जाओ."

काठावर दिवे लागायला लागले होते. भाता आणखी एकदा उघडला, या वेळी लाट नव्हती. पूर्ण उघडला, जेवढा उघडू शकतो तेवढा, आणि तसाच राहिला. विनताचा श्वास छातीत अडकला. अच्युतने तिच्या पाठीवर हात ठेवला, त्याला तिच्या बरगड्या ताणून थांबलेल्या लागल्या. बेबीताई नावेच्या कडेवर ओणवल्या होत्या. त्यांचंही तोंड अर्धवट उघडं होतं.

मग पाणी आत शिरलं. भाता हळूहळू मिटत खाली गेला, आणि तो गेला तिथून बुडबुडे वर आले, आधी खूप, मग तुरळक. शेवटचा फुटला तेव्हा विनताने श्वास सोडला. बेबीताईंनीही सोडला, आणि त्या एकदम खोकायला लागल्या, खोकता खोकता रडायला लागल्या. नाववाल्याने काही न विचारता नाव काठाकडे वळवली.

*

हिवाळ्यात पेटीला नवा भाता बसवला. त्या आधी विनताने कोपऱ्याकापऱ्यांत राहिलेला गोंद तेलाने काढला, मऊ फडक्याने तेल टिपलं, आणि वर चपड्याचा एक पातळ हात दिला. टेप जिथे होती तिथे पॉलिशचा रंग अजून थोडा गडद आहे. तिरपा उजेड पडला तर वेढे दिसतात. तेवढं राहणारच.

बेबीताई पौषात नागपूरला लेकीकडे गेल्या आणि नेपियर टाउनच्या खोल्या सोडायला परत आल्या, तेवढंच. आता तिकडेच असतात. संध्याकाळी नातीला घेऊन बागेत जातात म्हणे.

विनताची छाती डॉक्टरांनी तपासली, एक्सरे काढला, काही निघालं नाही. शिट्टी कमी होत होत गेली. पोरी पुन्हा क्लासला येतात. पेटी वाजते, सूर तेच आहेत, आणि हात लावल्याशिवाय तिने कधी हवा घेतलेली नाही.

पण अच्युत आता दिवेलागणीच्या आत घरी येतो. क्लासच्या खोलीत भिंतीशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसतो. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, पोरी त्याच्यावर हसतात. विनताने एकदा विचारलं, "इथे काहून बसता हो?" तर म्हणाला, "इथे उजेड चांगला आहे." पान उलटताना मात्र तो पेपराच्या वरून तिच्या खांद्यांकडे बघतो, आणि ते वर गेलेले दिसले की मगच पुढचं पान उघडतो.